नियम दोनचं स्पष्टीकरण

माझ्या नोकरीतलं पहिलं मोठं काम म्हणजे एका यंत्राशी कसं बोलावं याचे नियम मराठीत लिहिणं. त्या यंत्राशी संबंध येणारी माणसं आमच्या कचेरीत दोन होती. एक मी, आणि दुसरे बडेबाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क, जे यंत्राशी बोलायला तयार नव्हते. एवढ्यासाठी नियमावली कशाला, असं मी साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, "सरकारी जागेत नियमाशिवाय पंखासुद्धा फिरत नाही." पंखा तसाही फिरत नव्हता, पण तो विषय वेगळा.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. भंडारा जिल्हा तेव्हा आजच्यापेक्षा मोठा होता आणि आमची कचेरी तलावांची होती. मालगुजारांनी बांधून ठेवलेले जुने तलाव, शेताशेतातल्या बोड्या म्हणजे लहान तळी, त्यांच्या पाळी म्हणजे मातीचे बांध, त्या पाळींची तूटफूट, सगळं आमच्या रजिस्टरांत असायचं. आमच्याकडचा धान याच पाण्यावर पिकतो. त्यामुळे कोणत्या गावात किती तलाव हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. सरकारला मात्र ते दर दहा वर्षांनी नव्यानं माहीत करून घ्यावं लागतं. या खेपेला ते यंत्रानं करायचं ठरलं होतं.

यंत्र नागपूरहून जीपमध्ये आलं, गादीत गुंडाळून. त्याच्यासाठी एक खोली रिकामी केली, तिला थंड हवेचं मशीन लावलं, आणि आत जाताना चपला बाहेर काढायच्या असं ठरलं. उन्हाळ्यात त्या खोलीबाहेर इतक्या चपला असत की एखाद्याला आत कीर्तन आहे असं वाटावं. मी नागपूरला सहा महिन्यांचा कोर्स केला होता आणि त्या जोरावर मला तात्पुरती नेमणूक मिळाली होती. दर सहा महिन्यांनी मुदतवाढीचं पत्र निघायचं. ते निघेपर्यंत माझी आई गावी उपास धरायची. उपासाला ती पोटभर साबुदाणा खायची, म्हणून मी तिला अडवलं नाही.

आता त्या भाषेबद्दल थोडं सांगायला हवं. त्या यंत्राच्या दारात एक दारवान बसलेला असतो असं समजा. आपण टाइप केलेली ओळ तो वाचतो, तिचा अर्थ लावतो आणि आतल्या मंडळींकडून काम करून घेतो. इंग्रजी पुस्तकात त्याला शेल म्हटलं होतं. पहिल्या मसुद्यात मी 'कवच' लिहिलं. बडेबाबूंनी मान वर न करता विचारलं, "कासवाचं का?" आम्ही शेलच ठेवलं.

या दारवानाला भाषा कळायची, पण माणुसकी कळायची नाही. ओळीतला पहिला शब्द म्हणजे काय करायचं, पुढचे शब्द म्हणजे कोणावर करायचं. दोन शब्दांमध्ये जागा सोडली नाही तर तो ओळखच दाखवायचा नाही. खुर्द किंवा बुद्रुक असलेलं गाव अवतरणचिन्हांत घातलं नाही तर एका गावाची दोन गावं करायचा. एक बाण काढला तर जुनी यादी पुसून नवी लिहायचा, दोन बाण काढले तर जुन्या यादीच्या खाली नवी जोडायचा. हे सगळं मी एक, दोन, तीन असे आकडे घालून लिहिलं. नियम पंचवीस झाले. मला वाटलं संपलं.

बडेबाबूंनी ते घरी नेलं आणि दुसऱ्या दिवशी शंकांचा कागद आणला. शंका नियमांपेक्षा जास्त होत्या.

बडेबाबू आसगावकडचे. घरी धानाची शेती, भावाकडे दिलेली. चौतीस वर्षं नोकरी झालेली, आणि निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. माझ्या वडिलांचं गाव त्यांना ठाऊक निघालं, त्यामुळे पहिल्या दिवसापासून मी 'तू' झाले. लोक पहिल्या भेटीत मुलांची लग्नं सांगतात, नातवंडं सांगतात. बडेबाबू सांगायचे की त्यांच्या सेवापुस्तकात लाल शाईचा एकही शेरा नाही. हे नुसतं मिरवायचं म्हणून नव्हतं. आमच्या कचेरीत एक पद्धत होती, कोणी सुरू केली देव जाणे. निवृत्तीच्या दिवशी हार घातल्यावर साहेब त्या माणसाचं सेवापुस्तक उघडून सगळ्यांसमोर वाचून दाखवायचे. बदल्या, बढत्या, रजा, शेरे, सगळं. घरची माणसं समोरच्या खुर्च्यांवर बसलेली असायची. ज्याच्या पुस्तकात लाल काही निघायचं, त्याच्या बायकोला चिवडा गोड लागत नसे. बडेबाबूंनी त्या दिवसासाठी आसगावहून कोणाकोणाला बोलवायचं याची यादीही करून ठेवली होती. ती दोन अवतरणचिन्हांत बसण्यासारखी नव्हती.

शंका मात्र अशा की माझं डोकं फिरायचं.

"नियम तीनमंधी तू लिहिलं, अवतरणचिन्ह लावावे. 'लावावे' म्हंजे मर्जी का हुकूम?"

"हुकूम."

"मंग 'लावणे बंधनकारक' असं लिही. लावावे म्हंजे लावलं तं लावलं."

किंवा: "नियम चार म्हणते पहिला शब्द म्हंजे आज्ञा. नियम नऊ म्हणते पहिल्या शब्दाआधी दुसरं काही लिहिता येते. मंग पहिला पहिला कसा राहिला?"

मी उत्तर द्यायला यंत्रावर जायचे, टाइप करून बघायचे, आणि काय झालं ते येऊन सांगायचे. बडेबाबूंना हे मुळीच पसंत नव्हतं.

"तू काहून यंत्राले विचारून राहिली? नियम पाहून यंत्रानं चालावं का यंत्र पाहून नियमानं?"

"यंत्र आधी बनलं आहे, बडेबाबू."

"तलाठीबी कायद्याच्या आधीपासून हाय. म्हणून तलाठी करते तो कायदा होते का?"

मी चिडायचे. पण प्रत्येक शंकेला मी एक स्पष्टीकरण लिहायचे, ते चक्रमुद्रित व्हायचं, त्यावर जावक क्रमांक पडायचा, आणि ते दोन माणसांना वाटलं जायचं. त्यातली एक मीच होते.

कोणत्या कागदाला स्पष्टीकरण म्हणायचं आणि कोणत्याला सुधारणा, हेही त्यांनीच शिकवलं. "तलाव होताच, गवतात दिसत नव्हता, तू गवत काढून दाखवला, ते स्पष्टीकरण. ते पहिल्या दिवसापासून लागू. तलाव नव्हताच, तू खोदला, ते सुधारणा. ते खोदल्या दिवसापासून लागू. आधी कोणी तिथं नांगर घातला असन तं त्याचा गुन्हा नाही." मला त्या वेळी हे फारच बारीक कातणं वाटलं होतं.

असं करत करत पाच-सहा महिन्यांत बडेबाबू यंत्रासमोर बसू लागले. एका बोटानं टाइप करायचे, पण चूक नाही. कोणती यादी आत आहे ते विचारायचे, यादीतल्या ओळी मोजायला सांगायचे, तारीख विचारायचे. यंत्र उत्तर द्यायचं, ते मान डोलवायचे आणि रजिस्टरमध्ये लिहून ठेवायचे: आज्ञा, वेळ, उत्तर. असं रजिस्टर ठेवा म्हणून कोणी सांगितलं नव्हतं, पण रजिस्टर नसलेलं काम त्यांच्या लेखी झालेलंच नसायचं.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि रात्रभर नाटकं होतात. आमच्या गावची मंडई म्हणून मी चार दिवसांची रजा घेतली. मी गेले त्याच दिवशी साकोली, पवनी आणि इतर तालुक्यांच्या तलावांच्या याद्या टाइप होऊन यंत्रात आल्या. त्या जिल्ह्याच्या यादीला जोडायच्या होत्या आणि एकूण आकडा नागपूरला कळवायचा होता. साहेबांनी बडेबाबूंना विचारलं, "जमेल का?" बडेबाबूंनी नियमावली काखेत मारली आणि चपला बाहेर काढल्या.

पुढचं मला त्यांच्या रजिस्टरवरून कळलं. अकरा वाजता त्यांनी साकोलीची यादी जोडायची आज्ञा दिली. शब्द बरोबर, जागा बरोबर, बाण दोन. एक अक्षर चुकलं नव्हतं. यंत्रानं यादी जोडली. आणि काही बोललं नाही.

त्या यंत्राचा तो स्वभावच होता. काम झालं की ते काही सांगत नसे, नुसती नवी ओळ पुढे करायचं. काम बिघडलं तरच तोंड उघडायचं. मला कोर्सच्या दुसऱ्याच दिवशी याची सवय झाली होती. बडेबाबूंना मी शिकवलेल्या सगळ्या आज्ञा मात्र उत्तर देणाऱ्या होत्या. जोडणीचं काम मीच करायचे, आणि तेव्हा ते पडद्याकडे नाही, रजिस्टरकडे बघत असायचे.

आता सरकारी कचेरीत पत्र पाठवलं आणि उत्तर आलं नाही, तर त्याचा अर्थ काय? त्याचा अर्थ काम झालं नाही. कोणत्याही कचेरीत, कोणत्याही जिल्ह्यात, याला दुसरा अर्थ नाही. आणि उत्तर आलं नाही तर काय करतात? स्मरणपत्र पाठवतात. बडेबाबू स्मरणपत्रांचे उस्ताद होते. त्यांच्या दुसऱ्या स्मरणपत्रानं एकदा वनखात्याकडून उत्तर आलं होतं, ही गोष्ट नवीन माणसाला आवर्जून सांगितली जायची. पत्राला ते पंधरा दिवस द्यायचे. यंत्र वेगवान म्हणून त्याला त्यांनी पंधरा मिनिटं दिली.

रजिस्टरमध्ये लिहिलं होतं: अकरा वाजता, मूळ आज्ञा, उत्तर अप्राप्त. सव्वाअकरा, पहिले स्मरण, उत्तर अप्राप्त. साडेअकरा, दुसरे स्मरण, उत्तर अप्राप्त. मग पवनी. मग बाकीचे तालुके, त्याच क्रमानं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत. दोन स्मरणांनंतर प्रकरण वरिष्ठांकडे जातं, म्हणून शेवटी त्यांनी रजिस्टर साहेबांपुढे ठेवलं होतं: "वारंवार कळवूनही यंत्राकडून उत्तर प्राप्त नाही. आदेशार्थ सादर." साहेबांनी खाली लिहिलं होतं: "पाहिले." आणि सही.

मग साहेबांनीच सांगितलं की मोजून तर बघा. मोजायच्या आज्ञेला यंत्रानं चटकन उत्तर दिलं. जिल्ह्यातले तलाव तिप्पट झाले होते.

आकडा मोठा आहे हे सगळ्यांना दिसलं. पण मोठा आकडा कोणाला वाईट दिसत नाही. साहेब म्हणाले, "बघा, जुन्या रजिस्टरांत किती बोड्या सुटल्या होत्या." आकडा नागपूरला गेला. नागपूरहून अभिनंदनाचं पत्र आलं, आणि गावाच्या नावाप्रमाणे लावलेली पूर्ण यादी मागितली. तोवर मी परत आले होते. यादी गावाप्रमाणे लावायची आज्ञा मी दिली, छापायची आज्ञा मी दिली, आणि कागदाचा गठ्ठा बांधून मीच पाठवला. मी तो वाचला नाही. यंत्रानं केलेलं कामही वाचायचं असतं, हे मला तोवर कोणी शिकवलं नव्हतं.

महिन्याभरानं नागपूरचे दोन अधिकारी पाहणीला आले. यादी धरायला म्हणून मला जीपमध्ये मागे बसवलं. सानगडीच्या पुढं एका गावात थांबलो. धान निघून गेला होता, तलाव भरलेला होता, पाण्यात शिंगाड्याचे वेल पसरले होते. पाळीवर एक म्हातारा शेतकरी बसला होता. अधिकाऱ्यांनी यादी पाहिली. त्या गावाचं नाव लागोपाठ तीनदा होतं, तलावाचं नाव तीनदा होतं, पाळीची लांबीसुद्धा तीनदा तीच होती.

"बाबा, गावात तलाव किती?"

"हा हाय नं."

"आणखी दोन आहेत असं यादीत आहे."

म्हाताऱ्यानं यादीकडे नीट पाहिलं. मग जीपकडे पाहिलं. "एक तं हा इथं हाय," तो म्हणाला. "बाकीचे दोन तुमच्या गाडीत असतीन तं उतरवून ठेवा. उन्हाळ्यात कामी येतीन."

मला आधी हसू आलं. मग समजलं, आणि मी घाईघाईनं पुढची पानं उलटली; प्रत्येक गाव तीनदा होतं.

नागपूरहून पत्र आलं की जबाबदारी निश्चित करून अहवाल पाठवा. सरकारात जबाबदारी पाण्यासारखी असते, उतार मिळाला की खाली येते. साहेबांनी मला बोलावलं. ते पुण्याकडचे, आवाज चढवणारे नव्हते.

"काम झाल्यावर यंत्र गप्प राहतं, हे नियमावलीत आहे का?"

मला उत्तर माहीत होतं, तरी मी पानं चाळली. नियम दोन असा होता: आज्ञा टाइप करून झाल्यावर शेवटचे बटण दाबावे, यंत्र आज्ञा पार पाडील. बस. इंग्रजी पुस्तकात गप्प राहण्याबद्दल एक वाक्य होतं. मी ते वाचलं होतं आणि सोडलं होतं. न बोलण्याचा काय नियम लिहायचा, असं मला वाटलं होतं. शंकांच्या एवढ्या ढिगात बडेबाबूंनीही हे कधी विचारलं नव्हतं, कारण उत्तर न येण्याचा अर्थ काय, अशी शंका त्यांना येणंच शक्य नव्हतं.

"नाही," मी म्हटलं.

"स्पष्टपणे नाही," साहेब म्हणाले. "पण 'पार पाडील' मध्ये ते येतंच की. तुम्ही नियम दोनचं एक स्पष्टीकरण काढा. अहवालाला जोडू. म्हणजे नियम होता आणि तो पाळला गेला नाही, एवढंच राहील."

रजिस्टरवर तुम्हीही 'पाहिले' लिहिलं होतं, असं मी म्हणाले नाही. त्यांना ते सुचलं असावं. ते म्हणाले, "मी पाहिले लिहिलं, मंजूर लिहिलं नाही." मग कागद आवरता आवरता त्यांनी विचारलं, "तुमची मुदतवाढ याच महिन्यात ना?"

एवढंच. धमकी म्हणावी तर ती धमकीही नव्हती.

मी जागेवर येऊन बसले. आता मला ते बारीक कातणं चांगलंच समजत होतं. या कागदाला स्पष्टीकरण म्हटलं तर नियम पहिल्या दिवसापासून होता, आणि बडेबाबूंनी तो मोडला. सुधारणा म्हटलं तर नियम नव्हताच, बडेबाबूंचा दोष नाही, आणि नियम लिहायचा राहिला तो माझ्याकडून. एका शब्दानं त्यांच्या पुस्तकात लाल शाई पडत होती, दुसऱ्या शब्दानं मी गावी परत जात होते. खरं काय ते मला माहीत होतं. तलाव नव्हताच. तो मी आत्ता खोदत होते.

मी मथळा लिहिला: "नियम दोन – स्पष्टीकरण." त्याखाली लिहिलं: "आज्ञा दिल्यानंतर यंत्राने काहीही न लिहिता नवीन ओळ दिल्यास आज्ञा पार पडली असे यापुढे समजावे." 'यापुढे' मी मुद्दाम घातलं. नागपूरला कोणी हुशार माणूस ते वाचील, यापुढे म्हणजे आतापर्यंत नव्हतं असं म्हणेल, बडेबाबू सुटतील, आणि मला तोंड उघडावं लागणार नाही, असा माझा हिशेब होता. मला तेव्हा तो मोठा शहाणपणा वाटला. भित्र्या माणसाला आपली पळवाट नेहमी युक्तीच वाटते.

पण कचेरीतला कोणताही मसुदा हेडक्लार्कच्या टेबलावरून गेल्याशिवाय साहेबांकडे जात नाही. हाही गेला. मी समोर उभी होते. बडेबाबूंनी चष्मा लावला, एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. कागद कशासाठी आहे हे त्यांना कळलं होतं. चौतीस वर्षं कागदच वाचत आलेले ते. त्यांनी पेन्सिल घेतली आणि 'यापुढे' या शब्दावर एक सरळ रेघ मारली.

"स्पष्टीकरणात 'यापुढे' येत नाही, बाई," ते म्हणाले. "दोन्हीकडून चालते असा मसुदा माह्या टेबलावरून जाणार नाही. एक तं हे राहीन, नाही तं ते. मंग स्वच्छ प्रत करून आण."

त्यांनी मसुदा माझ्या हातात दिला. मथळ्याला त्यांनी हात लावला नव्हता.

मी टाइपरायटरवर बसले. मथळा टाइप करायला मला बराच वेळ लागला. मग मी तो होता तसाच टाइप केला. कारण विचाराल तर मी घाबरले. आई आठवली, गाव आठवलं, वगैरे सांगता येईल, पण ते सगळं नंतर जमवलेलं आहे. त्या वेळी फक्त भीती होती. स्वच्छ प्रत मी त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी वाचली, कोपऱ्यात लहान सही केली, आणि पुढे पाठवली.

शेरा दोन ओळींचा होता: नियम असतानाही तो न पाळल्याने चुकीची माहिती वरिष्ठांकडे गेली, सबब समज देण्यात येत आहे. लाल शाईत. माझी मुदतवाढ त्याच आठवड्यात झाली, आणि वर्षभरात मी कायम झाले.

निरोपाच्या दिवशी आसगावहून बरीच माणसं आली. त्यांच्या बायकोनं नवं लुगडं नेसलं होतं. बडेबाबूंनी कोणालाही येऊ नका असं कळवलं नव्हतं. हार झाले, भाषणं झाली, आणि साहेबांनी पुस्तक उघडलं. चौतीस वर्षं वाचायला दहा मिनिटं लागली. शेवटच्या पानावर साहेब जरा थांबले. मला वाटलं गाळतील. बडेबाबू उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, पूर्ण वाचावं लागते." साहेबांनी ते वाचलं. बडेबाबूंच्या बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. शेजारचा भाऊ त्यांना हळूच काय झालं म्हणून विचारत होता. मी चिवड्याच्या बशा वाटायला निघून गेले.

पुढच्या वर्षी धान निघाल्यावर मी आसगावला गेले. मनाशी बरंच काही बोलायचं ठरवून गेले होते. बडेबाबू अंगणात खाटेवर बसले होते. तिथंही त्यांच्या मांडीवर कागद होता, ग्रामपंचायतीचा कसला तरी अर्ज, आणि त्यावर पेन्सिलीच्या रेघा. त्यांनी मला बसवलं, बाईंना चहा टाकायला सांगितला आणि विचारलं, "नियम किती झाले आता?"

"एक्केचाळीस."

"आन् शंका?"

"शंका काढणारं कोणी नाही."

त्यांना ते आवडलं असावं. चहा आला. बाई माझ्याशी नीट बोलल्या, माझं लग्न जमलं का विचारलं. त्यांना काही माहीत नव्हतं, किंवा असेलही. त्या आत गेल्यावर बडेबाबू स्वतःच म्हणाले, "मले वाटलं होतं, तू वरचं नाव बदलवशील."

"कोणतं नाव?"

"स्पष्टीकरण खोडून सुधारणा. म्हणून तं खालचा 'यापुढे' काढून देल्ला तुले. लपाले जागा नाही राहिली म्हंजे माणूस खरं लिहिते, असा माहा अनुभव होता."

ते रागानं बोलत नव्हते. एखादं प्रकरण कुठे अडलं ते सांगावं तसं सांगत होते. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती, आणि त्यानंतरही वाटलेली नाही.

"मी घाबरली होती, बडेबाबू," मी म्हटलं. "त्या महिन्यात माही मुदतवाढ होती."

"माहीत हाय," ते म्हणाले. "शिफारस मीच लिहिली होती. तुही स्वच्छ प्रत मी पुढे पाठवली, आन् मंग लिहिली."